आधी खोड, मग भाव

लगड सरांनी मला नापास केलं होतं. हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे मी त्यांच्याबद्दल काही कडू बोललो तर त्यामागचं कारण वाचणाऱ्याला ठाऊक असेल, आणि चांगलं बोललो तर ते तोंडदेखलं नाही हेही कळेल.

विषय होता व्यावसायिक नीतिमत्ता. एम.बी.ए.च्या अभ्यासक्रमातला सगळ्यांत हलका पेपर. वेळापत्रकात हा तास नेहमी जेवणाच्या सुट्टीनंतर टाकलेला असायचा आणि मागच्या बाकावर डोकं टेकून बिनघोर झोपता यायचं. अशा पेपरात अख्ख्या वर्गात मी एकटा नापास. वय चाळिशीला टेकलेलं. पाथर्डी रस्त्याला जुने ट्रॅक्टर घेण्या-विकण्याचं यार्ड, कुणाच्या बापाच्या पैशावर नव्हे, स्वतःच्या जिभेवर उभं केलेलं. एका ट्रॅक्टर कंपनीची एजन्सी हवी होती आणि त्यांची अट होती की मालक मॅनेजमेंट शिकलेला पाहिजे. म्हणून पोरांच्या मांडीला मांडी लावून शहराबाहेरच्या त्या कॉलेजात जाऊन बसलो. या एका पेपरामुळे पदवी वर्षभर लांबली आणि एजन्सी दुसऱ्याला गेली. त्याचं शोरूम माझ्या यार्डाच्या बरोबर समोर आहे. रोज सकाळी शटर उघडलं की आधी तेच दिसतं.

तर लगड सर.

सर शनिशिंगणापूरकडचे. वडील घोडेगावच्या बैलबाजारात हेडी, म्हणजे जनावरांचे व्यापारी. सर उंच, पण चालताना वाकलेले, जणू प्रत्येक दाराची चौकट त्यांना आधीच लागून गेली आहे. अर्ध्या बाह्यांचा फिकट शर्ट, आणि खिशात पेनाऐवजी खडू. कॉलेजात सगळे फळे पांढरे, मार्करचे झाले होते. एका वर्गात तेवढा जुना काळा फळा राहिला होता. सरांनी तो वर्ग मागून घेतला होता. त्यामुळे खिशाच्या तळाशी कायम पांढरट डाग. चहा बशीत ओतून प्यायचे, स्टाफरूममध्येसुद्धा. तिथले टायवाले तरुण प्राध्यापक एकमेकांकडे बघायचे, सर फुर्रकन घोट घेऊन त्यांनाच विचारायचे, "तुमचा निवला का?"

पोरं त्यांची थट्टा करायची. एकदा एकानं विचारलं, "सर, तुमच्याकडं घरांना दारं नसतात म्हणे. मग तुमच्या कपाटाला कुलूप कसं?"

"कपाट कॉलेजचं आहे," सर म्हणाले.

त्यांची एक लकब होती. कुणी काही बोललं, सबब सांगितली, तक्रार केली, वाद घातला, की ते शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, "हां, मग?" टोमणा म्हणून नाही. त्यांना खरंच पुढचं ऐकायचं असायचं. पण या दोन शब्दांपुढे माणूस फार वेळ टिकत नसे. मी रोज शेतकऱ्यांशी, दलालांशी, बँकवाल्यांशी घासाघीस करतो. समोरचा ओरडला तर मी दुप्पट ओरडतो, समोरचा रुसला तर मी उठून चालायला लागतो. "हां, मग?" यावर काय करायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

पहिल्या तासाला त्यांनी फळ्यावर एकच शब्द लिहिला. खोड.

"बाजारात बैल उभा केला," सर म्हणाले, "की गिऱ्हाईक आधी दात बघतं, मग पाठीवर हात फिरवतं. माझे वडील त्याला हात लावू द्यायच्या आधी सांगायचे, 'मारका हाय. डाव्या अंगानं जाऊ नका.' नाहीतर, 'बुजतो. ट्रकचा हॉर्न वाजला की गाडी खड्ड्यात घालंल.' जनावराची जी काय खोड असेल ती आधी. भाव नंतर."

"मग विकला जायचा का, सर?" कुणीतरी विचारलं.

"कधी जायचा. कधी संध्याकाळी तसाच चालवत घरी आणायचे."

"तोटाच की मग."

"हां, मग?"

पोरगं खाली बसलं.

मग सरांनी खेळ लावला. प्रत्येकानं स्वतःच्या खिशातली एक वस्तू वर्गाला विकायची. आधी खोड सांगायची, मग भाव. शेवगावकडचा अक्षय नावाचा एक चुणचुणीत मुलगा होता. सरांचा लाडका, आणि ते सर लपवतही नसत. तो मोबाईल घेऊन पुढे आला. "याची खोड एकच हाय, सर. एकदा घेतला की माणूस दुसरा घेत न्हाई."

वर्ग खदखदून हसला. सरही हसले. "ही जाहिरात झाली. खोड सांग."

"काचेला बारीक चरा हाय."

"आणखी?"

"बस, एवढीच."

सरांनी मोबाईल हातात घेतला, पुढच्या बाकावरच्या मुलाला फोन लावला, कानाला धरला. मग दुसऱ्या कानाला. "अरे, यात समोरच्याचा आवाजच येत नाही."

"तुमी विचारलं न्हाई, सर," अक्षय म्हणाला.

मला राहवलं नाही. उभा राहिलो आणि म्हणालो, "सर, त्याचं बरोबर आहे. खोड सांगितली की गिऱ्हाईक भाव पाडतं. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, रोज करतो. तुमचं ऐकून ही पोरं धंद्यात पडली तर खातील काय?"

सरांनी खिशातून खडू काढला. मग वळून त्यांनी 'खोड' या शब्दाखाली माझा प्रश्न लिहिला: खातील काय? म्हणाले, "शेठ, याचं उत्तर मला येत नाही. वर्षभर शोधू." त्या दिवसापासून ते मला शेठच म्हणत. वर्ष संपलं. उत्तर काही सापडलं नाही, पण दर महिन्याला एकदा तरी ते तास थांबवून विचारायचे, "शेठ, काही सुचलं का?" मी म्हणायचो, नाही. ते म्हणायचे, "मलाही नाही." एवढं कबूल करणारा दुसरा मास्तर मी पाहिलेला नाही.

परीक्षेत त्यांनी अक्षयचंच वाक्य प्रश्न करून घातलं. गिऱ्हाइकानं विचारलं नाही, तर मालातला दोष सांगणं विक्रेत्यावर बंधनकारक आहे काय? मी अर्ध्या पानात उत्तर लिहिलं. विचारलं तर सांगावं, न विचारता सांगणं हा मूर्खपणा आहे, आणि मूर्खाचं यार्ड दोन हंगामांत बंद पडतं. निकालात मी दोन मार्कांनी गेलो.

हा पेपर कॉलेजातच तपासला जायचा. म्हणजे मार्क सरांच्या हातात. मी डाळिंबांची पेटी घेऊन सावेडीला त्यांच्या घरी गेलो. सर अंगणात स्टोव्ह उघडून त्याची पिन साफ करत बसले होते. घरात गॅस होता, पण हा स्टोव्ह आईचा म्हणून दर रविवारी ते तो पेटवून बघत. मी पेटी खाली ठेवली. त्यांनी त्यातलं एक डाळिंब काढलं, फोडलं, दाणे ताटलीत काढून माझ्यापुढेच ठेवले.

"खा. तुमच्याच पेटीतलं आहे."

मी सौदा सुरू केला. आधी सभ्यपणे. मग एजन्सीची गोष्ट सांगितली. मग आवाज चढवला. म्हणालो, दोन मार्क म्हणजे काय सर, बाजारात आम्ही एवढं तर सुटे नाहीत म्हणून सोडून देतो.

"हां, मग?"

"मग मला सांगा, माझ्या उत्तरात खोटं काय होतं?"

"काहीच नाही," सर म्हणाले. "अख्ख्या वर्गात तुमचं एकट्याचं उत्तर खरं होतं. बाकीच्यांनी लिहिलं, सांगणं बंधनकारक आहे, ग्राहक हा देव आहे वगैरे. सगळे खोटं बोलले. पण कागदावर ते बरोबर आहे, त्यांना मला नापास करता येत नाही. तुम्ही खरं लिहिलंत, म्हणून सापडलात."

"म्हणजे खरं बोलणाऱ्याला शिक्षा."

त्यांनी पिन पुसून स्टोव्हवर ठेवली. "हो. वाईट आहे खरं. पण मी मार्क दिले तर तुम्ही उद्या बाजारात सांगाल, नीतीच्या मास्तरानं डाळिंबावर मार्क दिले. आणि ते खरं असेल."

मी शिव्या देत बाहेर पडलो. पेटी त्यांनी मागून रिक्षात आणून ठेवली, आणि त्यातलं फोडलेलं डाळिंबही कागदात गुंडाळून दिलं. पुढल्या वर्षी मी त्याच प्रश्नाला ग्राहक हा देव आहे असं लिहिलं आणि पास झालो.

खोटं कशाला बोलू, त्या दिवसापासून माझ्या मनात त्यांची एक जागा झाली. मी ज्या धंद्यात आहे तिथे एक गोष्ट पक्की धरून चालावी लागते: प्रत्येक माणसाचा भाव असतो. तो पैशातच असतो असं नाही. कुणाला मान हवा असतो, कुणाला आपलं बोलणं ऐकून घेणारं माणूस. तो भाव सापडला की सौदा झाला. लगड सरांचा मला सापडला नव्हता. मला वाटायचं, नगर जिल्ह्यात एक तरी माणूस असा आहे. एजन्सी गेल्याचा राग होता, आजही आहे. पण जिच्यापायी ती गेली ती वस्तू अस्सल होती, एवढं समाधान होतं.

काही वर्षांनी पुणे रस्त्यावरच्या एका हॉटेलात सर भेटले. ओळखीच्या कुणाचं तरी लग्न होतं. आम्ही चहा घेत असताना नवी कोरी गाडी येऊन थांबली आणि अक्षय उतरला. वाहनांच्या एका शोरूममध्ये तो मॅनेजर झाला होता. सगळ्यांदेखत तो सरांच्या पाया पडला.

"सर, तुमची पद्धत लई चालते बघा. माझ्या सगळ्या पोरांना मी तीच शिकवलीय."

सरांचा चेहरा उजळला. "खोड सांगता?"

"आधी खोड, मग भाव. तुमचंच वाक्य बोर्डावर लिहून ठेवलंय. गिऱ्हाईक बसलं की आधीच सांगायचं, काका, या गाडीच्या काचा जरा जड फिरतात. गिऱ्हाईक म्हणतं, काय सरळ माणूस हाय. मग इंजिनाबद्दल विचारतच न्हाई." अक्षय हसला. "बारकी खोड सांगितली की मोठी आपोआप झाकती, सर. हे पुस्तकात कुठंच नव्हतं. तुमच्यामुळं कळलं."

सरांनी बशी तोंडाशी नेली होती ती तशीच खाली ठेवली. मी वाट बघत होतो की ते "हां, मग?" म्हणतील. ते म्हणाले, "आईची तब्येत कशी आहे?" अक्षय गेल्यावर त्यांनी निवलेला चहा बाजूला सारला. मी चिडवायला म्हणालो, "सर, हा तर फर्स्ट क्लासमध्ये पास झाला होता ना?"

"त्याला मी पैकीच्या पैकी दिले होते," सर म्हणाले.

त्यानंतर कॉलेजात मानांकन समिती आली. बाहेरगावचे तीन मोठे लोक येणार, कॉलेज तपासणार आणि दर्जा ठरवणार. दर्जा चांगला मिळाला की फी वाढते, प्रवेश वाढतात. मलाही बोलावणं आलं, यशस्वी माजी विद्यार्थी म्हणून. आदल्या दिवशी तालमीला गेलो तर मला धंद्यातला माणूस म्हणून कौतुकच वाटलं. दुसऱ्या गावच्या कॉलेजातून टेम्पो भरून पुस्तकं आली होती आणि आमच्या ग्रंथालयाचे शिक्के मारायचं काम चालू होतं. प्राध्यापक कमी होते, म्हणून क्लासवाले, बँकेतून निवृत्त झालेले, एक तर विम्याचा एजंट, अशांना टाय बांधून उभं केलं होतं. पोरांना दम दिला होता की दर्जा गेला तर कंपन्या यायच्या नाहीत, नोकऱ्या विसरा. समितीपुढे दाखवायचं प्रेझेंटेशन अक्षयनं करून दिलं होतं. त्यात एक पान होतं: आमच्या उणिवा. कॅन्टीन लहान आहे. आवारात झाडं कमी आहेत.

डायरेक्टर सरांना म्हणाले, "सर, तुम्ही फक्त तुमचा तो बैलाचा तास घ्या. समितीला फार आवडेल."

सर म्हणाले, "घेतो."

दुसऱ्या दिवशी समितीचे तिघं मागच्या रांगेत बसले. बाजूला डायरेक्टर, आम्ही दोघं-चौघं माजी विद्यार्थी, मागच्या बाकांजवळ उभे केलेले ते टायवाले प्राध्यापक, पुढे टाय लावलेली पोरं-पोरी. सरांनी नेहमीसारखं फळ्यावर 'खोड' लिहिलं. बैलाची गोष्ट सांगितली. मागचे तिघं माना डोलवत होते. मग सर म्हणाले, "आज मुलांना काही विकायला लावत नाही. आज मीच विकतो. विकायला आणलंय आपलं कॉलेज. आधी खोड."

आणि त्यांनी सांगितलं. पुस्तकं काल आलीत. मागच्या दोन बाकांजवळ उभे असलेले प्राध्यापक इथे शिकवत नाहीत. हजेरीपट गेल्या आठवड्यात नवे लिहिलेत. बैलाच्या खोडी सांगतात त्याच आवाजात सांगितलं, ना चढला ना उतरला. शेवटी म्हणाले, "मुलं मात्र हुशार आहेत. एवढं ऐकूनही विकत घ्यायचं असेल तर आता भाव ठरवा."

समितीचे अध्यक्ष गोड बोलणारे गृहस्थ होते. ते उठले आणि पोरांकडे वळले. "तुमचे सर म्हणतात ते खरं आहे का?"

सर पोरांकडे बघत होते. मी सरांकडे बघत होतो. त्यांना कॉलेजचं काही पडलेलं नव्हतं, दर्जाचंही नाही. त्यांना एवढंच बघायचं होतं की यातलं एक तरी उठतं का. सगळी पोरं बाकाकडे बघत राहिली. मग पहिल्या रांगेतली एक मुलगी अदबीनं उठली आणि म्हणाली, "सर उदाहरण देताना थोडं वाढवून सांगतात. आम्हाला सवय आहे."

सगळे हसले. समितीही हसली. तेव्हा माझं डोकं फिरलं आणि मी उभा राहिलो. "वाढवून काही नाही. शिक्के मारताना मी स्वतः बघितलंय."

अध्यक्षांनी विचारलं, "आपण?"

डायरेक्टर हसतमुखानं म्हणाले, "आमचे उद्योजक विद्यार्थी. ह्याच विषयात नापास झाले होते."

आता तर वर्गात हशाच फुटला. अध्यक्ष डोळे पुसत म्हणाले, "मग त्यांचा राग समजण्यासारखा आहे."

नंतर जिन्यात सरांनी मला गाठलं. "शेठ, का उठलात?"

"राग आला म्हणून. त्या डायरेक्टरचं थोबाड बघून."

"तेच सांगा लोकांना. मी शिकवलं म्हणून उठलो असं कुणाला सांगू नका. खोटं होईल ते."

"तुमची पोरं बघितलीत ना?"

"पोरांना दोष देऊ नका," सर म्हणाले. "त्यांना खायचंय."

मला वाटलं होतं, सरांना काढून टाकतील. मी वकीलसुद्धा बघून ठेवला होता. भांडायला मला कारण लागत नाही. पण ते कॉलेज माझ्यापेक्षा मुरलेलं निघालं. समितीनं वरचा दर्जा दिला, आणि अहवालात खास नोंद केली की इथल्या शिक्षकांना संस्थेवर निर्भयपणे टीका करता येते, हे संस्थेचं मोठं बळ आहे. गॅदरिंगला सरांना शाल दिली, नारळ दिला. डायरेक्टर माईकवर म्हणाले की असा आरसा प्रत्येक संस्थेत हवा. पोरांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. आणि त्याच महिन्यात सरांना 'मूल्य कक्षा'चे प्रमुख केलं. स्वतंत्र खोली, नावाची पाटी, पगार तोच. तास नाही. विषय एका कंत्राटी तरुणाकडे दिला. तो पडद्यावरची वाक्यं वाचून दाखवायचा.

त्या खोलीत मी त्यांना एकदा भेटायला गेलो. खोली आणि वर्ग यांच्यामध्ये एकच भिंत. पलीकडून त्या तरुणाचा आवाज येत होता. सर कान देऊन ऐकत होते. मध्येच म्हणाले, "घाई करतो. मुलांना विचारू देत नाही."

"सोडा ना हे," मी म्हणालो. "घरी बसा. नाहीतर माझ्या यार्डात या, माझ्याशी रोज भांडा. पगार देतो."

"पुढच्या वर्षी तास देतो म्हणालेत."

"सर, गाजर आहे ते."

"असेलही."

"मग?"

"त्यांनी एवढंच सांगितलंय की यंदा जरा सांभाळून घ्या. पुढच्या वर्षी काळ्या फळ्याचा वर्ग तुमचा."

ते हे बोलत असताना त्यांच्या डोळ्यांत जे दिसलं ते मी हजार वेळा बघितलंय. ट्रॅक्टरभोवती तिसरी चक्कर मारणाऱ्या, बोनेटवर हळूच हात ठेवणाऱ्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत ते असतं. तो मग काहीही द्यायला तयार असतो. इतकी वर्षं मला न सापडलेला भाव त्या डायरेक्टरला सापडला होता. एक तास. आठवड्यातून तीन वेळा, जेवणानंतर, पोरं झोपलेली असतात तो. मला माझे दोन मार्क दिले नाहीत या माणसानं; माझी एजन्सी गेली तरी दिले नाहीत. आणि या कॉलेजवाल्यांना काय काय देऊन बसणार होता, कोण जाणे. मी चहा न घेता उठलो.

यंदा उन्हाळ्यात तिसगावहून माझे दाजी आले, बहिणीचे यजमान. सोबत भाची, प्रतीक्षा. तिला एम.बी.ए. करायचं होतं. दाजींनी कुठूनतरी आमच्या कॉलेजचं नाव ऐकलं होतं. मी नको म्हणालो, तर म्हणाले, "बघून तर येऊ."

फाटकाजवळ मोठा फ्लेक्स लागला होता. त्यावर लगड सरांचा फोटो, शाल पांघरलेला, आणि खाली 'संस्कारांसह व्यवस्थापन शिक्षण'. आत प्रवेशाचं टेबल. टेबलामागे खुद्द सर. खिशात खडू नव्हता, पेन होतं. मागे काचेच्या केबिनमध्ये डायरेक्टर फोनवर बोलत बसले होते.

सरांनी मला ओळखलं. "या शेठ," म्हणाले, आणि दाजींना बसायला खुर्ची दिली.

दाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "सर, एकुलती एक पोर हाय. आमाला यातलं काय कळत न्हाई. बाहेर तुमचा फोटू बघितला, बरं वाटलं. तुमी सांगा, हितं टाकू का?"

सर प्रतीक्षाकडे वळले. "काय व्हायचंय तुला?"

"बँकेत जायचंय, सर."

"चांगलं आहे."

"हितं नीट शिकवत्यात न्हवं?" दाजींनी पुन्हा विचारलं.

मी टेबलावर हात टेकून उभा होतो. "सर," एवढंच म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. मग दाजींना म्हणाले, "इमारत नवी आहे. मुलींचं वसतिगृह आवारातच आहे, बाहेर जावं लागत नाही. पाथर्डीची एसटी फाटकापाशी थांबते."

सगळं खरं होतं. त्यात एक शब्द खोटा नव्हता.

"तुम्ही आम्हाला कुठला विषय शिकवणार, सर?" प्रतीक्षानं विचारलं.

"यंदा नाही," सर म्हणाले. "यंदा मी इथं बसतो."

बाहेर गाडीपाशी आल्यावर मी दाजींना सगळं सांगितलं. पुस्तकांचा टेम्पो, विम्याचा एजंट, सगळं. ओरडूनच सांगितलं; वॉचमन बघायला लागला. दाजींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"सगळ्याच कालेजात आसंल तसलं," ते म्हणाले. "तू बी हितंच शिकलास की. तुझं काय वाटुळं झालं? आन् एवढा सरळ माणूस बसलाय तिथं. काय वंगाळ असतं तर त्यो बोलला नसता व्हय?"

दाजी फॉर्म भरायला परत आत गेले, प्रतीक्षा त्यांच्या मागे. मी गाडीला टेकून काचेतून बघत राहिलो. सरांनी फॉर्मवर कुठे सही करायची ते बोटानं दाखवलं. दाजींनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि कपाळाला लावला. सर खाली बघत होते. तेवढ्यात दारातून आणखी एक कुटुंब आत आलं, आई-बाप आणि दप्तर पोटाशी धरलेला मुलगा. सर उठले, वाकून टेबलाला वळसा घातला, आणि त्या आईसाठी खुर्ची पुढे ओढली.